झेंडावंदन झाले, ग्रामसभेचे काय?

प्रश्न : आमच्या गावात २६ जानेवारीचे झेंडावंदन थाटात होते, पण ग्रामसभा कोरमअभावी (किमान हजेरी नसल्याने) तहकूब होते. पुढे प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) मात्र ठराव मंजूर दिसतात. साध्या मतदाराने काय करावे? (निफाड तालुक्यातील वाचक)

उत्तर : आधी कोरमचा हिशेब. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा धरतात. म्हणजे ५०० मतदारांच्या गावात ७५, तर १,८०० मतदारांच्या गावातही १००च पुरेत. जानेवारीच्या सभेवेळी द्राक्षकाढणी आणि २ ऑक्टोबरच्या सभेवेळी द्राक्षांची छाटणी, त्यामुळे निफाडकडे तेवढी माणसेही जमत नाहीत. खरी मेख पुढे आहे : तहकूब सभेला कोरम लागतच नाही. दहा जणांतही ठराव होतो आणि तो कायदेशीर असतो! म्हणून तहकूब सभेची तारीख, वेळ जागेवरच विचारून घ्या आणि त्या दिवशी हजर राहा.

आपला विषय आयत्या वेळी मांडू नका. सभेची नोटीस ७ दिवस आधी निघते. त्याआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेला विषय अजेंड्यावर येईलच याचा भरवसा नाही.

हजेरीवही हे गडबडीचे मूळ. कोऱ्या ओळी राहिल्या की सह्या नंतरही वाढतात. सभा संपताच शेवटच्या सहीखाली रेघ मारून एकूण आकडा अक्षरी लिहायचा आग्रह धरा. ठराव तिथेच वाचून दाखवायला सांगा. नंतर शंका आलीच तर माहिती अधिकारात प्रोसिडिंगची नक्कल मागा : अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, प्रतीचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. सबळ कारणाशिवाय सभा न घेणारा सरपंच पदाला अपात्र ठरू शकतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. ग्रामसभेआधी महिलांची सभाही बंधनकारक आहे. तिची नोटीस फळ्यावर दिसते का, तेही पाहा.

प्रश्न : आमच्या पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते का? (सुरगाणा)

उत्तर : होय. सुरगाणा पेसा (आदिवासी भागांतील ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात येतो. राज्याच्या २०१४च्या पेसा नियमांनुसार पाड्यातील मतदारांनी ठराव करून प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सोबत पाड्याच्या हद्दीचा कच्चा नकाशा आणि मतदारांची यादी जोडा.