पूजा देवाला हवी असते की माणसाला?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ती श्रद्धेत मूर्तिपूजा हे इतके गंभीर पाप का मानले जाते, देवाला माणसाच्या पूजेची एवढी गरज असेल तर तो देव कसला, आणि जो माणूस कोणत्याही देवापुढे हात जोडत नाही त्याला हे पाप लागू तरी कसे होणार? मी ख्रिस्ती आहे, धर्मपंडित नाही; पण हे तिन्ही प्रश्न मला स्वतःला पडलेले आहेत, आणि तिसऱ्याचे उत्तर तर मला फार त्रास सोसून सापडले, म्हणून सविस्तर लिहितो. इतर धर्मांतील उपासनेचा निवाडा करणे हा माझा हेतू नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मूर्तिपूजेविषयी जी कठोर वचने आहेत, त्यांतली बहुतेक इस्राएल लोकांना, म्हणजे देवाने ज्यांना आपले म्हटले त्यांनाच, सुनावलेली आहेत. मीही ती स्वतःला उद्देशूनच वाचतो.

देवाच्या गरजेचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर सुटतो. पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि जगात जे काही आहे ते माझेच आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने अथेन्समध्ये हेच सांगितले : जो सर्वांना जीवन आणि श्वास देतो, त्याला काही उणे आहे म्हणून माणसाने त्याची सेवा करावी, असे मुळीच नाही. आपल्या पूजेने देव मोठा होत नाही आणि ती थांबली म्हणून तो लहानही होत नाही. तेव्हा पूजेची आज्ञा कोणाच्या भल्यासाठी आहे, हे शोधायचे तर माणसाकडेच पाहावे लागते.

ख्रिस्ती विचारात माणूस हा मुळात उपासक आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपाने आपल्या आत्मकथनाच्या आरंभीच देवाला उद्देशून लिहिले की, तू आम्हांला स्वतःसाठी घडवले आहेस आणि तुझ्या ठायी विसावा मिळेपर्यंत आमचे हृदय अस्वस्थच राहते. ही अस्वस्थता म्हणजे काही बिघाड नव्हे. माणसाची घडणच तशी आहे. कोणावर तरी पूर्ण विसंबावे, कशासमोर तरी आपोआप मान लवावी, कोणीतरी ‘तू असण्याला अर्थ आहे’ असे सांगावे, ही ओढ शिकवावी लागत नाही. प्रश्न उरतो तो इतकाच की ही ओढ कोठे जाऊन टेकते.

येथे एक शब्द पाहण्यासारखा आहे. देवाने आपल्या प्रतिरूपाप्रमाणे मनुष्य निर्माण केला, असे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, म्हटले आहे. तेथे ‘प्रतिरूप’ या अर्थी आलेला हिब्रू शब्द ‘त्सेलेम’ जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तपूर्व भागात, अन्यत्र मूर्तींसाठीही वापरलेला आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. देवाची प्रतिमा घडवू नका, या आज्ञेमागे प्रतिमांविषयीचा तिटकारा आहे असे मी तोवर समजत होतो. प्रत्यक्षात देवाने आपली प्रतिमा आधीच जगात ठेवली आहे, आणि ती चालते, बोलते, रडते. तिने स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूपुढे ‘मला वाचव’ म्हणत लोटांगण घालणे, हा देवाचा अपमान आहेच, पण त्या प्रतिमेचीही ती विटंबना आहे. पुढे नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तानंतरच्या भागात, ख्रिस्ताला अदृश्य देवाचे प्रतिरूप म्हटले आहे. देव दिसावा ही माणसाची आस खोटी नव्हती. तिचे उत्तर माणसाने घडवायचे नव्हते, देवाने द्यायचे होते, असा ख्रिस्ती विश्वास आहे.

आता सोन्याच्या वासराकडे येतो, कारण या विषयाचे मर्म मला त्या कथेत सर्वांत स्पष्ट दिसते. निर्गम या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात ती येते. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सीनाय पर्वतावर देवाला भेटायला गेला आहे. तो तेथे चाळीस दिवस राहिला, पण खाली वाट पाहणाऱ्यांना हा आकडा ठाऊक नव्हता. त्यांना इतकेच दिसत होते की आज तो आला नाही, आणि कालही आला नव्हता. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामगिरीतून सुटलेले, रानात उघड्यावर पडलेले ते लोक घाबरले. आमच्यापुढे चालेल असा देव आम्हांला करून दे, असे ते मोशेच्या भावाला, अहरोनाला, म्हणाले. अहरोनाने बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागवली आणि त्यांचे वासरू घडवले. यानंतरची ओळ बहुतेकांच्या नजरेतून निसटते. अहरोन घोषणा करतो की, उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव होईल. दुसऱ्या कोणत्या देवाचे नाव त्याने घेतले नाही. निदान त्याच्या बाजूने पाहता, तो त्याच परमेश्वराला दिसण्याजोगा, हाताशी राहणारा आणि नेऊ तेथे येणारा करू पाहत होता.

म्हणून मला वाटते की मूर्तिपूजेची सुरुवात घडवण्याच्या किती तरी आधी, वाट पाहण्यात होते. देव दिसत नाही, त्याचे वेळापत्रक आपल्या हाती नाही, आणि भीती तर आत्ता वाटते आहे. अशा वेळी माणूस सहसा देव नाकारत नाही. तो आटोक्यातला देव शोधतो. मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोनाने दिलेले उत्तरही ओळखीचे आहे : सोने मी अग्नीत टाकले आणि त्यातून हे वासरू निघाले. आपले दैवत आपणच घडवले, हे कबूल करणे माणसाला किती जड जाते!

चर्चमध्ये चित्रे आणि पुतळे असतात, त्यांचे काय, ही शंका येथे येणारच. या प्रश्नावरून आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्यात मोठा संघर्ष झाला. सन ७८७ मध्ये निकाया येथे भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या परिषदेने असा निर्णय दिला की प्रतिमेला आदर द्यावा, परंतु आराधना केवळ देवाचीच करावी, कारण प्रतिमेला दिलेला आदर ज्याची ती प्रतिमा त्याच्याकडे पोहोचतो. सोळाव्या शतकात अनेक धर्मसुधारकांनी हा भेद नाकारला आणि आपल्या उपासनास्थळांतून प्रतिमा काढून टाकल्या. हा मतभेद आजही मिटलेला नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंना खरा धोका दिसला होता. यहूदाच्या हिज्कीया राजाची गोष्ट त्या दृष्टीने बोलकी आहे : देवाच्याच आज्ञेवरून मोशेने केलेला पितळी साप लोकांनी पुढे जपून ठेवला आणि कालांतराने ते त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला. देवाने दिलेली वस्तूसुद्धा मूर्ती होऊ शकते. आमच्या प्रार्थना, आमची मंडळी, आमचे धर्मज्ञान, यांपैकी काहीही याला अपवाद नाही.

आता आपला तिसरा प्रश्न : हात न जोडणाऱ्याला हे पाप कसे लागू होणार? बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात यहेज्केल संदेष्ट्यापुढे इस्राएलाचे वडीलधारे येऊन बसले, तेव्हा देवाने त्याला सांगितले की या माणसांनी आपल्या मूर्ती हृदयात बसवल्या आहेत. पौल याच्याही पुढे जाऊन लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या धर्मशिक्षणाच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेचे विवरण करताना म्हटले आहे की, तुझे हृदय ज्याला चिकटून राहते आणि ज्यावर भिस्त ठेवते, तोच खरोखर तुझा देव. आणि पैसा हे जगातले सर्वांत सर्रास आढळणारे दैवत आहे, असेही तो तेथेच नोंदवतो. दुसरा धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने तर माणसाच्या मनाला मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना म्हटले आहे. या अर्थाने पाहिले तर हात न जोडणारा माणूस सुटत नाही, आणि रोज हात जोडणारा मीही सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. घरात साठवलेला पैसा होता, उपासमारीची वेळ नव्हती. तरीही रात्री अडीच-तीनच्या सुमारास मला जाग येई, आणि मी अंधारात फोन उचलून बचत खात्यातली शिल्लक पाहत असे. झोपण्यापूर्वी पाहिलेला आकडा तीन तासांत बदलणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरी पाहत असे. आकडा दिसला की छातीतली धडधड जरा ओसरे, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. सकाळी मी नेमाने प्रार्थनाही करत होतो, आणि आपला विश्वास शाबूत आहे अशी माझी समजूत होती.

त्याच दिवसांत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चव्वेचाळिसावा अध्याय वाचनात आला. त्यात एक माणूस झाड तोडतो. अर्धे लाकूड जाळून तो भाकर भाजतो, मांस शिजवतो, शेकत बसतो आणि ‘आहा, ऊब आली’ म्हणतो. उरलेल्या लाकडाचा देव करून त्याच्या पाया पडतो आणि म्हणतो, ‘मला वाचव, कारण तू माझा देव आहेस.’ हे वाचून मी पूर्वी कितीदा तरी मनात हसलो होतो. त्या दिवशी हसू आले नाही. माझ्या मिळकतीतला काही भाग मी अन्नावर आणि घरावर खर्च करत होतो, आणि उरलेल्या भागाला रोज पहाटे तेच वाक्य न बोलता म्हणत होतो. त्याहून वाईट म्हणजे, सकाळच्या प्रार्थनेत मी देवाकडे मागत होतो तेही तो आकडा वाढावा एवढेच. ऑगस्टीन ज्याला प्रीतीचा उलटा क्रम म्हणतो तो हाच. जे साधन म्हणून वापरायचे त्यात मी विसावा शोधत होतो, आणि ज्याच्या ठायी विसावायचे त्या देवाला साधन म्हणून वापरत होतो.

पैसा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. मूर्ती बहुधा चांगल्या गोष्टींचीच होते : मुले, काम, आरोग्य, कोणाचे प्रेम, देश, आपली सचोटी. त्या गोष्टींवर आपण जे ओझे टाकतो ते पेलण्याची ताकद त्यांच्यात नसते, आणि मग एक तर त्या मोडतात किंवा त्यांना सांभाळता सांभाळता आपण मोडतो. मूर्तींना तोंड असून बोलता येत नाही, डोळे असून दिसत नाही, आणि त्या करणारे त्यांच्यासारखेच होतात, असे एकशे पंधरावे स्तोत्र म्हणते. मला त्याचा अनुभव आला. त्या काळात पत्नी काही सांगत असताना मी ऐकत नसे, मनात हिशेब चाललेला असे. मुलाने नवे काही मागितले की त्याचा चेहरा दिसण्याआधी मला रक्कम दिसे.

यातून बाहेर कसे पडायचे, हे आपण विचारलेले नाही. पण त्यावाचून उत्तर अपुरे राहील. केवळ निश्चयाने मूर्ती काढून टाकता येते असे मला वाटत नाही. येशूने एका दाखल्यात सांगितले आहे की, माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा आपल्या या जुन्या घरी परत येतो, ते रिकामे, झाडलेले आणि सुशोभित पाहतो, आणि आपल्याहून वाईट असे आणखी सात आत्मे घेऊन तेथे राहायला येतो. हृदय रिकामे राहत नाही. मी बँकेचे अॅप काढून टाकले, तेव्हा आठवड्याभरात माझे मन नोकरीच्या जाहिरातींना तसेच चिकटले. हळूहळू फरक पडला तो पहाटे जाग आल्यावर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणू लागल्यावर, आणि तीही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीवर थांबून. तेथे आजच्यापुरतेच मागणे आहे. काही रात्री मी ती म्हणूनही आकडा पाहिला. जो धनवान तरुण संपत्ती सोडता येईना म्हणून खिन्न होऊन निघून गेला, त्याच्याकडे येशूने आधी न्याहाळून पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, असे येशूचा चरित्रकार मार्क लिहितो. त्या रात्री मला त्या वाक्याचा फार आधार वाटे.

निर्गमात वासराच्या प्रसंगाने लोकांची गोष्ट संपत नाही. मोशे पर्वतावर होता त्याच चाळीस दिवसांत देव त्याला निवासमंडपाचा, म्हणजे उपासनेच्या तंबूचा, नमुना सांगत होता : आज्ञांच्या पाट्या ठेवण्याचा सोन्याने मढवलेला कोश, त्यावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय जीवांच्या आकृती, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा, जेथून देव बोलणार होता. खाली लोक ज्या सोन्याचे वासरू ओतत होते, तसेच सोने वर देव त्यांच्याकडून मागत होता. पुढे पस्तिसाव्या अध्यायात, ज्याच्या मनात आले त्याने स्वखुशीने अर्पण आणावे असे सांगण्यात आले, तेव्हा तेच स्त्री-पुरुष नथा, कुंडले, अंगठ्या घेऊन आले. ते रोज सकाळी इतके आणू लागले की कारागीर काम थांबवून मोशेकडे गेले आणि म्हणाले, कामाला लागेल त्याहून लोक फार जास्त आणत आहेत. शेवटी आता कोणी काही आणू नये, अशी छावणीभर दवंडी द्यावी लागली.