तारा बसवल्या, आता पुढे किती वर्षे?

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन आहे. 9 वर्षांपूर्वी, वयाच्या 58व्या वर्षी, मुंबईला त्यांच्या मेंदूत तारा घालून छातीत बॅटरी बसवली. थरथर गेली आणि ते देवळातल्या भजनाला पुन्हा पखवाज वाजवू लागले. गेले वर्षभर मात्र आवाज बारीक झाला आहे, उंबऱ्यापाशी पाय चिकटून बसतात आणि सोलकढी पिताना ठसका लागतो. शस्त्रक्रियेचा गुण संपला का? अशा रुग्णांना आयुष्य किती लाभते?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पखवाजावरचे हात अजून चालत असतील, तर गुण संपलेला नाही. मेंदूत तारा घालून वीजप्रवाह देण्याच्या या उपचाराची, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनची, आधुनिक पद्धत फ्रान्समधील ग्रेनोबल येथे 1987 मध्ये सुरू झाली आणि तेथीलच 51 रुग्णांची, शस्त्रक्रियेनंतर सरासरी 17 वर्षांनी केलेली पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हाही त्यांच्या अंगाच्या अनावर हालचाली सुमारे 75 टक्के कमी होत्या आणि औषधे जवळजवळ निम्म्यावर आलेली होती. अर्थात, इतकी वर्षे जगून तपासणीला येऊ शकलेल्यांचेच हे आकडे आहेत, हे विसरता येत नाही.

आयुष्याविषयी सांगायचे तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या 2017 मधील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सरासरी 6.3 वर्षे, तर वय आणि इतर आजार जुळवून निवडलेले, केवळ औषधांवरचे रुग्ण 5.7 वर्षे जगले. फरक थोडा आहे, आणि शस्त्रक्रियेसाठी मुळातच स्मृती शाबूत असलेले, धडधाकट रुग्ण निवडले जात असल्याने त्याचे सारे श्रेय तारांना देणे मला योग्य वाटत नाही. आपल्या वडिलांची वर्षे या आकड्यांवरून मोजू नयेत, ही कळकळीची विनंती.

तारा आजार थांबवत नाहीत. जी लक्षणे लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूतील डोपामिन हे रसायन भरून काढणाऱ्या, गोळीने सुधारतात, तीच प्रामुख्याने तारांनी सुधारतात. गिळणे, बोलणे आणि तोल यांचा बिघाड बराचसा डोपामिनवर न चालणाऱ्या इतर पेशींमुळे होतो. या आजारात जीव जातो तो बहुधा न्यूमोनियाने, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा अशा ठसक्यातूनच होते. म्हणून तुमच्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली ओळ सोलकढीची आहे. गिळण्याची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. तोपर्यंत पातळ पदार्थ घोटाघोटाने, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून द्यावेत. पेज द्यायची तर निवळ न देता शितांसकट घोटून दाट करावी. उंबऱ्याअलीकडे जमिनीवर गडद रंगाची पट्टी चिकटवून ती ओलांडायला सांगितल्यास अडलेला पाय पुष्कळदा सुटतो. आवाज मात्र कधी कधी विद्युत्प्रवाह जास्त झाल्यानेही बसतो, तेव्हा यंत्राची जुळणी ज्यांनी केली त्यांना तो अवश्य ऐकवावा.

बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हेही पाहा. रिचार्ज न होणारी बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षांत बदलावी लागते. ती अचानक बंद पडली तर अंग इतके ताठरते की गोळ्यांनीही आवरत नाही, आणि ते जिवावर बेतू शकते. फिजिओथेरपीत डायथर्मीचा (यंत्राच्या लहरींनी आतपर्यंत ऊब देणारा) शेक मुळीच घेऊ नये, कारण त्याने तारांची टोके तापून मेंदूला इजा होते. यंत्राचे ओळखपत्र वडिलांच्या खिशात असू द्यावे आणि त्यामागे बॅटरी बसवल्याची तारीख लिहून ठेवावी.