बेंझीनमधला लोबान

प्रश्न : दहावीतल्या मुलीने वहीत 'पेट्रोल, रॉकेल ही कर्बोदके होत' असं लिहिलंय. ट्यूशनमध्ये तसंच सांगितलं म्हणते. हायड्रोकार्बनला कर्बोदक म्हणायचं का? (एक पालक, नागपूर)

उत्तर : नाही हो ताई! कर्बोदक म्हणजे कर्ब अधिक उदक. ग्लुकोज घ्या, त्यात कार्बनचे ६ अणू आणि हिशेबाला पाण्याचे ६ रेणू. पोळी-भातातली ती कर्बोदकं. पेट्रोलमध्ये कार्बनच्या जोडीला नुसता हायड्रोजन, उदकाचा पत्ता नाही. हायड्रोजनच्याच नावाचा अर्थ 'पाणी घडवणारा', तिथे सगळे घसरतात. हायड्रोकार्बनला हायड्रोकार्बनच म्हणा. बाकी काम बोलीने केव्हाच उरकलंय : रॉकेल म्हणजे रॉक ऑइल, घासलेट म्हणजे गॅसलाइट आणि आपल्याकडे सरळ मातीचं तेल.

पण माझं डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने, बेंझीन नावाच्या हायड्रोकार्बनच्या नावावरून. परवा आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारात लोबान घ्यायला उभा होतो. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी सोबतच्या नातवाला ठणकावून सांगितलं, ''बेंझीन हे नाव मोटारवाल्या बेंझसाहेबावरून पडलं.'' अहो, कार्ल बेंझ जन्मला १८४४ साली! जर्मन रसायनशास्त्रज्ञ मिट्शर्लिखने बेंझीन हे नाव ठेवलं १८३३ साली. बारशाआधी ११ वर्षं नाव उसनं घेतलं की काय?

आणि गंमत अशी, की खरं उत्तर गुरुजींच्या समोरच्या बरणीत होतं. अरब व्यापारी या डिंकाला 'लुबान जावी' म्हणत, जावा-सुमात्रेकडचा लोबान. युरोपात तो पोचला तेव्हा तिथल्यांना सुरुवातीचा 'लु' म्हणजे आपल्याच भाषेतलं, इंग्रजी 'द'सारखं उपपद वाटलं. तो त्यांनी छाटला. उरलं 'बानजावी'. त्याचं बेंजुई, बेंझॉइन झालं, डिंकातून निघालेलं ते बेंझॉइक आम्ल, आणि ते आम्ल चुन्याबरोबर तापवून मिट्शर्लिखने जे तेल उतरवलं ते बेंझीन. ताजबागेच्या दर्ग्यात निखाऱ्यावर लोबानाचा खडा पडतो, आधी पाघळतो, बुडबुडतो, मग पांढरा धूर सोडतो. रसायनशास्त्राच्या अर्ध्या पुस्तकाचं नाव त्या धुरातून आलंय.

पदार्थ मात्र त्याआधीच सापडला होता. १८२५ साली इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून तो काढला आणि 'हायड्रोजनचा बायकार्ब्युरेट' असं लांबलचक नाव दिलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लोराँने पुढे उजेडाच्या ग्रीक शब्दावरून 'फेन' सुचवलं. ते चाललं नाही, पण फिनॉल मागे ठेवून गेलं, आणि फरशी पुसायचं आपलं फिनाइलही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगसाहेबांचा मात्र मला राग आहे. '-ईन'मुळे बेंझीन हे नाव क्विनीन, स्ट्रिक्नीन या झाडांतून मिळणाऱ्या कडू द्रव्यांच्या पंगतीतलं वाटतं म्हणून त्यांनी 'बेंझॉल' केलं. ऑल म्हणजे तेल म्हणे! आज '-ऑल' ही अल्कोहोलांची खूण. एक घोळ निस्तरायला गेले आणि दुसरा घालून बसले. जर्मन लोक अजून त्याला बेंझॉल म्हणतात आणि पेट्रोलला बेंझीन. गुरुजींची मोटार तिथूनच आली असणार.

माझी जुनी सूचना अशी, की मराठीत तरी तो छाटलेला 'लु' आपल्या लोबानातल्या 'लो'च्या रूपात परत जोडावा आणि बेंझीनला 'लोबीन' म्हणावं. परिभाषावाल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो हसला. 'शुद्ध संस्कृत धातू हवा' म्हणाला. लोबान आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जळतोय, त्याला कोणता धातू लागला?

(मिथेन या आणखी एका हायड्रोकार्बनच्या नावात आपला 'मधु' दडलाय. ग्रीकमधला 'मेथु' म्हणजे मद्य, त्याचा सख्खा भाऊ. पण ते पुन्हा केव्हातरी.)

हां, मुलीची वही! 'कर्बोदके' खोडून 'हायड्रोकार्बन' करायला सांगा. 'लोबीन' तूर्त लिहू देऊ नका, गुण कापतील.