जुन्या 'ज्युनिअर ६०' या छोट्या हौशी मॉडेल विमानात रेडिओ कंट्रोल (जमिनीवरून विमान चालवायची यंत्रणा) बसवताना डिझेल इंजिन लावावं की इलेक्ट्रिक मोटर?

पहिलंच विमान असेल तर डोळे झाकून मोटर लावा. डिझेलचा वास, तेलकट धूर, सगळी मजा आहेच, पण बोटांवर पंख्याचे फटके खायची हौस नंतरही भागवता येते.

कीलक्राफ्ट या मॉडेल विमानं बनवणाऱ्या कंपनीचं हे १९४६ चं मॉडेल मुळात रेडिओविना, मोकळं उडण्यासाठी केलेलं. ६० म्हणजे पंखांचा पसारा, इंचांत. साधारण दीड मीटर. पंख टोकांकडे वर उचललेले असल्याने एलेरॉन (विमान कलवायच्या पंखांवरच्या झडपा) लागतच नाहीत, रडर (शेपटीची उभी, डावी-उजवीकडे वळणारी झडप) दिला की विमान आपोआप कलून वळतं. रडर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप), थ्रॉटल (मोटरचा वेग), बस्स.

बॅटरी जमेल तितकी पुढे सरकवा, म्हणजे नाकात शिसं भरायची वेळ येत नाही. गुरुत्वमध्य (विमान जिथे तोल धरतं तो बिंदू) बांधणीच्या नकाशात दाखवलाय तिथेच यायला हवा. मोटरचा रोख दोन-तीन अंश खाली ठेवा, नाहीतर थ्रॉटल देताच नाक आभाळाकडे!

आणि हो, पंखावर चिकटवलेल्या पातळ टिश्यू कागदावर डोप (कागद ताणून घट्ट करणारं लॅकर) मारल्यावर पंखाचा एकेक अर्धा सपाट पाटावर वजनं ठेवून वाळवा. मी घाईत भिंतीला टेकवून ठेवला, तर त्याला चांगलाच पीळ पडला. किटलीच्या वाफेवर धरून उलटा पिरगळला, तेव्हा कुठे सरळ झाला.