पक्ष्यांच्या मागे चाला
रोज चालायला सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात १०,००० पावलांचा हट्ट धरू नका. मी तसाच घड्याळाकडे बघत चालायचो आणि पंधरा दिवसांत कंटाळलो. मग पुण्यात वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जाऊ लागलो. नाचण हा पक्षी शेपटीचा पंखा उघडून या फांदीवरून त्या फांदीवर जातो. त्याच्यामागे तास कसा सरतो कळतच नाही. वेडा राघू हा दुसरा पक्षी झेप घेऊन माशी पकडतो आणि बहुतेकदा पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. तो दिसला की खुशाल थांबा, त्यानं चालणं वाया जात नाही. दुर्बीण लगेच नको, खिशात वही पुरे. टेकडी जमत नसेल तर मंडईतून भाजी पायी आणा. गुडघे दुखत असतील तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या सध्या राहू द्या. उद्या साडेसहालाच निघा, ऊन चढायच्या आत पक्षी जास्त बोलतात.