चीनमध्ये चर्च उघडी असतात, बायबलही तिथेच छापलं जातं. मग ख्रिस्ती लोकांचा छळ होतो हे खरं, की पाश्चात्त्यांचा प्रचार?

छळ होतो, आणि चर्चही उघडी असतात. छळ म्हटलं की आपल्याला आधी तुरुंग आठवतो. चीनमध्ये तो बहुतेकदा शेवटी येतो. आधी येतात ते घरमालक, शाळा आणि ऑफिसातला साहेब.

मी नगरकडचा, पाळकाच्या म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या घरातला. नोकरीनिमित्त शांघायला होतो तेव्हा परदेशी लोकांच्या उपासनेला जायचो. दारात पासपोर्ट दाखवावा लागायचा आणि चिनी नागरिकाला आत प्रवेश नसायचा. ऑफिसातली एक चिनी बाई ख्रिस्ती होती. तिच्याबरोबर जेवायला बसता यायचं, प्रार्थनेला नाही.

सरकारचा आक्षेप देवावर कमी आणि कम्युनिस्ट पक्षाच्या हाताबाहेरच्या संघटनेवर जास्त आहे. प्रोटेस्टंट मंडळीने, म्हणजे चर्चने, 'थ्री-सेल्फ' या सरकारमान्य संघटनेखाली यायचं, कॅथलिकांसाठी 1957 पासून वेगळी संघटना आहे. 2018 मध्ये तर धर्माचा कारभार थेट पक्षाच्या खात्याकडे गेला. बायबलचं म्हणाल तर नानजिंगच्या छापखान्यातून 20 कोटींच्या वर प्रती निघाल्यात, त्यातल्या पुष्कळ परदेशी जातात. पण साध्या पुस्तकाच्या दुकानात बायबल मिळत नाही, आणि एप्रिल 2018 मध्ये ते ऑनलाइन दुकानांवरूनही गायब झालं.

बीजिंगच्या झायन चर्चचं उदाहरण घ्या. नोंदणी नसलेली ही मंडळी एका इमारतीत भाड्याच्या जागेत भरायची. दर रविवारी दीडेक हजार माणसं यायची. 2018 मध्ये अधिकाऱ्यांनी आत सीसीटीव्ही लावायला सांगितलं, चर्चने नकार दिला. मग सभासदांच्या घरी पोलीस जाऊ लागले, नोकरीच्या ठिकाणी फोन गेले, जागेच्या मालकावर दबाव आला. सप्टेंबरमध्ये चर्चला टाळं लागलं. त्याच डिसेंबरात चेंगडूमधल्या अर्ली रेन मंडळीच्या शंभराहून अधिक लोकांना धरलं. त्यांचे पाळक वांग यी हे पूर्वी कायद्याचे प्राध्यापक. 30 डिसेंबर 2019 ला त्यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. आरोप दोन: राज्यसत्ता उलथवायला चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय. पाळकावर बेकायदा व्यवसायाचा आरोप!

बरं, नोंदणी केली म्हणजे सुटका, असंही नाही. वेनझोऊचं सानजियांग चर्च सरकारमान्य होतं, स्थानिक अधिकाऱ्यांनीच त्याचं कौतुक केलेलं. परवानगीपेक्षा बांधकाम जास्त झालं होतं, हे खरं. पण एप्रिल 2014 मध्ये अख्खी इमारतच पाडली, लोक कितीतरी दिवस चर्चभोवती पहारा देऊन बसले होते तरी. पुढच्या दोन वर्षांत वेनझोऊ ज्यात आहे त्या झेजियांग प्रांतात हजाराहून जास्त चर्चवरचे क्रूस उतरवले. त्याला विरोध करणारे हांगझोऊचे गु युएसे हे तर सरकारमान्य चर्चचेच पाळक. 2016 मध्ये त्यांनाही ताब्यात घेतलं.

मला स्वतःला सगळ्यात जिव्हारी लागते ती मुलांची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी 18 वर्षांखालच्यांना चर्चमध्ये येऊ देत नाहीत, संडे स्कूल बंद करायला लावतात. तुरुंगातून माणूस परत तरी येतो.

आता प्रचाराबद्दल. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'इतके लाख मारले' छापाचे आकडे मी मानत नाही. एखाद्या जिल्ह्यात घरातल्या उपासनेकडे अधिकारी काणाडोळा करतात, शेजारच्या जिल्ह्यात त्याच गोष्टीला दंड होतो. शिवाय शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांचं जे झालं ते याहून कितीतरी भयंकर आहे. फक्त ख्रिस्ती लोकांचं दुःख सांगून ते झाकणाऱ्यांचा मला राग येतो.

तुमच्या ओळखीचं कुणी चिनी ख्रिस्ती असेल तर वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर बायबलमधली वचनं किंवा उपासनेचे फोटो पाठवू नका. तिथले मेसेज तपासले जातात, आणि चौकशी झाली तर ती त्यांची होते, तुमची नाही.