चीनमधून खेळणी मागवायचीत, पण भीती वाटते

प्रश्न: ताई, दादरला माझं छोटं गिफ्टचं दुकान आहे, चीनमधल्या इवू शहराच्या सप्लायरकडून थेट खेळणी मागवायचीत पण तो सगळे पैसे आधी मागतोय, काय करू?

उत्तर: सगळे पैसे आधी अजिबात देऊ नका हो! साधारण ३० टक्के आगाऊ आणि बाकीचे माल जहाजावर चढल्याची बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीच्या पावतीची) कॉपी बघून, असं बऱ्याच ठिकाणी चालतं, तसं बोलून बघा, आधी सॅम्पल मागवा. आयात करायला लागणारा आयईसी नंबर डीजीएफटीच्या (सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपयांत निघतो, फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा नाहीतर बंद पडतो.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आयएसआय मार्क लागतो आणि ते लायसन्स तुम्हाला नाही, तिकडच्या फॅक्टरीला मिळतं, म्हणजे फॅक्टरीकडे ते नसेल तर माल न्हावाशेवा बंदरात अडकणार, वर रोज भाडं चढत राहणार. शिवाय २०२३ मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी ७० टक्के झाली, त्यामुळे ऑर्डरआधी चांगल्या कस्टम ब्रोकरकडून आजचा पूर्ण हिशोब काढून घ्याच. मला विचाराल तर सुरुवात खेळण्यांऐवजी फोटोफ्रेमसारख्या साध्या वस्तूंनी करा, आणि त्यांचे नियमही ब्रोकरला आधी विचारा.